रिकाम्या घासाचा आवाज

देवमाशाला जेवायला बोलवायचं, ताट रिकामं ठेवायचं, आणि तो परसाकडे करून गेला की आनंदानं टाळ्या पिटायच्या, असा एक धंदा जगात निघणार आहे. अजून निघालेला नाही, म्हणून ही गोष्ट खोटी ठरवायची घाई करू नका. याहून येडे धंदे निघाले, चालले आणि त्यांच्या मालकांचे पुतळेसुद्धा उभे राहिले. या धंद्यात काळशेत बंदरच्या हसुराम चोगले तांडेलाला नोकरी लागली. काम काय, तर ऐकायचं.

धंद्यामागचं शास्त्र सोपं आहे. दक्षिणेच्या थंड समुद्रात सगळं आहे, फक्त लोखंड नाही. लोखंड नाही म्हणून पाण्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती खुरटतात. देवमासा खोल बुडी मारून क्रिल खातो. क्रिल म्हणजे कोळंबीची करंगळीएवढी चुलतबहीण, आणि तिच्या अंगात लोखंड भरपूर. बुडी मारताना देवमासा पोटाचा कारभार बंद ठेवतो. श्वास घ्यायला वर आला की मग पाण्यावर विटकरी रंगाचा एक ढग सोडतो. त्या ढगातलं लोखंड खाऊन वनस्पती माजतात आणि हवेतला कार्बन शोषून घेतात. म्हणजे देवमाशाचं शेण पडलं की पृथ्वीचा ताप अर्धा पाव अंश का होईना उतरतो. 'सागरशेत' नावाच्या कंपनीनं थंड समुद्राचा एक तुकडा भाड्यानं घेतला. आपल्या हद्दीत जितकं शेण पडेल तितका कार्बन आपण गिळला असं सांगून ती जगभरच्या कारखान्यांकडून पैसे घेऊ लागली. अडचण एकच होती. देवमाशांना हद्द माहीत नव्हती. क्रिल पलीकडे, हद्द अलीकडे.

तिथं डॉक्टर सुमेधा खानविलकर कामाला आल्या. बाई हुशार, बोलायला गोड आणि झोपेची वैरीण. कुबड्या जातीचे देवमासे एकमेकांना जेवायला हाक मारतात, हे त्यांनी सहा वर्षं पाण्यात माइक सोडून शोधून काढलं होतं. त्या हाकेत उदारपणा काडीचा नाही. क्रिलचा थवा विरळ असला की एकट्याच्या तोंडाला काही लागत नाही. म्हणून एकजण खालून गोल गोल फिरत बुडबुडे सोडतो, बुडबुड्यांची भिंत उभी राहते, क्रिल त्या भिंतीला घाबरून मधोमध गोळा होतं, आणि मग बाकीचे जबडे उघडून खालून वर घुसतात. हे काम चार-सहा जणांचं. बोलावणारीला येणाऱ्यांची गरज, येणाऱ्यांना बोलावणारीची. बाईंनी ठरवलं, हीच हाक भोंग्यातून पाण्याखाली वाजवायची. पण कुणाच्या आवाजात? कळपात तेवीस देवमासे. संगणकाला तेवीसही आवाज सारखेच.

म्हणून बाई कानवाला माणूस शोधत कोकणच्या किनाऱ्यानं फिरल्या आणि काळशेतला पोचल्या. तिथं त्यांना सांगितलं गेलं, वल्ह्याचा दांडा पाण्यात आणि दुसरं टोक कानाला लावून घोळ मासा किती वाव खाली आहे, किती आहेत आणि कुठं निघालेत हे सांगणारा आता एकच उरलाय.

"खरंच माशाचं ऐकू येतं?" बाईंनी विचारलं.

"घोळ करकरतो. दाराच्या बिजागरीसारखा," हसुराम म्हणाला. "माझ्या बायकोला विचारा. तिचं म्हणणं, मला फक्त मासेच ऐकू येतात."

गुणवंती आतून म्हणाली, "पाण्यातलं समदं ऐकतो बाई. घरातलं एक नाय."

बाईंनी त्याच्या कानाला हेडफोन लावला. हसुराम डोळे मिटून तासभर बसला. चहा दोनदा निवला. मग एका हाकेवर त्यानं बोट वर केलं. "ही."

"का?"

"बाकीच्या ओरडतात. ही सांगते." त्यानं पुन्हा ऐकलं. "म्हातारी हाय. घाई नाय हिला. हिनं कधी उगाच हाळी दिली नसणार. हिच्या हाळीवर कुणीबी येल."

त्या क्षणी हसुराम चोगलेला स्वतःच्या कानाचा जो अभिमान वाटला, तो त्यानं पुढं दोन वर्षं फेडला.

*

नोकरीची जागा म्हणजे एक तरंगता तराफा. वर पत्र्याची नव्हे, कसल्यातरी हलक्या धातूची खोली, भिंतीत ऊब सोडणाऱ्या नळ्या, एक चूल, एक खाट, आठ हेडफोन आणि माणूस एक. जवळचं जहाज तीनशे किलोमीटरवर, त्यात बाई आणि त्यांचे लोक. उन्हाळ्यात तिथं सूर्य मावळत नाही. क्षितिजावरून गोल फिरत राहतो, घाण्याच्या बैलासारखा. हसुरामनं पहिल्या आठवड्यात दिवस मोजायचं सोडलं आणि जेवणं मोजायला लागला. दोन जेवणं झाली की एक दिवस.

दर रविवारी गुणवंतीचा फोन यायचा.

"काय दिसतंय?"

"बर्फ."

"आणि?"

"त्याच्या पाठीमागे बर्फ."

"बोलायला कोण हाय का?"

"तू हायस की."

"मी दहा मिन्टं. बाकीच्या येळात?"

बाकीच्या वेळात म्हातारी होती. प्रत्येक देवमाशाच्या पाठीवर बाईंच्या लोकांनी रबरी वाटीनं चिकटणारा एकेक बिल्ला बसवला होता. त्यात माइक, खोली मोजायचं यंत्र आणि हिसका मोजायचं यंत्र. हसुरामनं म्हातारीचा बिल्ला एका कानाला लावायचा आणि दुसरा कान जगाला द्यायचा. जगाकडून काही यायचं नाही. म्हातारीकडून मात्र सगळं यायचं. ती वर यायची, तिचा श्वास प्रेशर कुकरची शिट्टी निघावी तसा फुसकायचा, मग शेपटीचे संथ ठोके, मग पाण्याचा दाब वाढत गेल्याची एक बारीक सुं, दीडशे मीटर, दोनशे मीटर. तळाला एक हिसका. जबडा उघडला की धावत्या एसटीचा ब्रेक लागावा तसं ते धूड थबकतं. गळ्याच्या घड्या सुटून फुगतात, आणि दोन-तीन टँकर पाणी आत येतं. जबडा मिटतो. पाणी टाळूच्या झालरीतून बाहेर गाळलं जातं, क्रिल आत राहतं. एवढं सगळं धरलेल्या श्वासावर. एका बुडीत सहा-सात घास, की श्वास संपला, चला वर.

पहिल्या हंगामात भोंगा वाजला आणि तेवीसच्या तेवीस हद्दीत आले. म्हातारीसुद्धा आली, स्वतःचीच हाळी ऐकून. तराफ्याभोवती तिनं तीन फेऱ्या घातल्या. हसुराम कठड्याला धरून बघत होता. तिच्या शेपटीचा डावा कोपरा कातरलेला होता. तिनं एक डोळा पाण्याबाहेर काढून भोंग्याच्या दोरीकडे पाहिलं आणि गेली. बाकीचे राहिले, बुड्या मारल्या, विटकरी ढग सोडले. कंपनीनं जहाजावर केक कापला. हसुरामनं स्वतःसाठी शिरा केला. एकट्याचा शिरा नेहमी जास्तच होतो. तीन जेवणं पुरला.

*

दुसऱ्या हंगामाच्या मधोमध त्याच्या कानाला खटकलं. काय खटकलं ते त्याला दोन दिवस सांगता येईना. मग त्यानं खिशातलं घड्याळ काढलं आणि मोजायला बसला. मोजून झाल्यावर जहाजाला फोन लावला.

"बाई, हे उपाशी हायत."

"कोण, काका?"

"म्हातारी सोडून तुमची बावीस माणसं."

बाई हसल्या. "काका, माझ्यासमोर आकडे आहेत. रोज प्रत्येकी दोनशेच्या वर घास घेतायत. गेल्या वर्षीपेक्षा जास्त."

"घास घेतायत. खात नायत."

"म्हणजे?"

"तुमचं यंत्र हिसका मोजतं. हिसका बसला की लिवलं, एक घास. आता आमच्या गुणवंतीनं चाळणीत पाणी वतलं तर भसकन जातं. पाण्यात करदी-कोळंबी असली तर झिरपत झिरपत जातं, झालर तुंबते. तुमच्या हद्दीबाहेर म्हातारी दाट थव्यातला एक घास गाळते तो ऐका: अडतीस सेकंद, चाळीस सेकंद. हद्दीत बाकीचे गाळतात: चौदा. तेरा. चौदा. तोंडात निस्तं पाणी हाय, बाई. ते जास्त घास घेतायत, कारण एकबी लागत नाय."

मग बाई म्हणाल्या, "मोजून पाठवा. सगळे."

त्यानं चारशे अकरा घास मोजून पाठवले. दोन दिवसांनी बाईंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज शाळेत पकडलेल्या मुलीसारखा झाला होता. "बरोबर आहे तुमचं. त्यांची चरबी कमी होतेय. ड्रोनवरून मापं काढली. खांदे उतरलेत." मग स्वतःला सावरून म्हणाल्या, "पण काका, ते इथून निघून पलीकडे खातायतच ना? इथं येतात, शेण टाकतात, परत जातात. थोडी दगदग, एवढंच."

हसुरामलाही तसंच वाटलं होतं. माणसाला वाटून घ्यायचं असलं की वाटतं.

पण त्या आठवड्यात म्हातारीनं हाळी दिली. खरी. हद्दीच्या बाहेर, पन्नास मैलांवर. तिला क्रिलचा एक विरळ थवा सापडला होता. तिच्या बिल्ल्यातून त्याला ती हाळी ऐकू आली, तीच, जी त्यानं स्वतः बोट वर करून निवडली होती. संथ, न ओरडणारी. मग ती थांबली. वाट बघत थांबली. हसुरामनं भराभरा बाकीचे बिल्ले आठ हेडफोनांवर फिरवून ऐकले. हाळी सगळ्यांपर्यंत पोचत होती. एकाचाही ठोका बदलला नाही. एकानंही तोंड वळवलं नाही. म्हातारीनं पुन्हा हाळी दिली. पुन्हा कुणी नाही. मग तिनं एकटीनं बुडबुडे सोडायला घेतले. एकटीच गोल फिरली, एकटीच खालून घुसली. भिंतीला तिन्ही बाजूंनी भगदाडं. घास गाळला गेला: सोळा सेकंद.

हसुराम हेडफोन काढून उठला आणि भात लावायचा विसरला.

*

काळशेत बंदरात एक रीत आहे. जिला मासळी दिसली ती होडी हाळी देते, आणि ऐकणाऱ्यानं ओ द्यायची. हाळी न देणाऱ्याला लोक चिकट म्हणतात, त्याचं काही बिघडत नाही. पण हाळी खोटी निघाली, तर त्या माणसाला पुन्हा समुद्रावर ओ मिळत नाही. जमिनीवर सगळं नीट. त्याच्या घरी लग्नाला जातात, त्याच्या म्हशीला औषध सांगतात, त्याच्याकडे पत्त्यांचा डाव बसतो. फक्त समुद्रावर त्याच्या हाकेला उत्तर नाही. शिक्षा कुणी सुनावत नाही. ती आपोआप लागते.

पोशा नाखव्याला लागली होती. पोशानं तरुणपणी गंमत म्हणून एकदा हाळी दिली, नऊ होड्या दोन तास डिझेल जाळून आल्या, आणि पोशा हसत पाण्यात पाय सोडून बसलेला. पुढं सात वर्षांनी एका सकाळी पोशाची हाळी आली. हसुराम तेव्हा अर्ध्या मैलावर होता. वल्ह्याचा दांडा त्याच्या कानालाच होता. त्याला खालची मासळी ऐकू येत होती, पोशाच्या बाजूनं चाललेली, आयुष्यात एकदा येते इतकी. पोशा खरं बोलतोय हे साऱ्या बंदरात फक्त हसुरामला ठाऊक होतं. त्यानं ओ दिली नाही. रीत म्हणजे रीत. मासळी दोघांच्या मधून निघून गेली. पोशा बुडाला नाही, मेला नाही. महाडला जाऊन सायकलच्या ट्यूबांना पंक्चर काढत बसला. त्याची बायको म्हणायची, झोपेत हाका मारतात आणि मग ऐकत बसतात.

पोशानं निदान आपल्या तोंडानं खोटं बोलून घेतलं होतं. म्हातारीच्या तोंडचं खोटं हसुरामनं निवडून दिलं होतं.

*

"भोंगा बंद करा," तो बाईंना म्हणाला.

"हंगाम संपायला अकरा दिवस आहेत."

"अकरा दिवसांत ती हडकून जाल. इथून पुढं तिला सहा हजार किलोमीटर पवायचं हाय, उपाशीपोटी, उबेच्या पाण्यात. माझ्यापेक्षा तुमाला जास्त ठाऊक."

"काका, बंद केला तरी काय होणार?" बाई आता भांडत नव्हत्या, थकल्या होत्या. "त्यांनी शिकून घेतलंय की तिची हाक खोटी; भोंग्यापाशी येतात ते आता निव्वळ सवयीनं. भोंगा गप्प बसला म्हणून त्यांना कसं कळणार की खोटं ती नव्हती बोलत, आपण बोलत होतो? माफी मागायला मला त्यांची भाषा येत नाही. एक शब्द येतो. तोच आपण नासवला."

बर्फाचा एक तुकडा तराफ्याला ढुशी देऊन गेला. मग हसुराम सावकाश म्हणाला, "एका गळ्यातून दोन हाळ्या निघत नायत."

"काय?"

"कळप निजायला वर येतो. लाकडाचे ओंडके पडावे तसे पडतात, तीन-चार तास. म्हातारी जरा लांब पडते, पण असते. मी भोंगा छोट्या होडीला बांधून त्यांच्या मधोमध नेतो. आणि ती तिथं समोर पडलेली असताना, तोंड मिटून, नाक पाण्याबाहेर, तेव्हा तिची हाळी वाजवतो. त्यांना पाण्यातला आवाज कुठून येतो ते बोटभर चुकत नाय. चोर आणि साव एकदम समोर आणायचे."

बाईंना ते समजायला दोन सेकंद लागले आणि त्याचा अर्थ समजायला आणखी दोन. "मग ते भोंग्याला पुन्हा कधीच येणार नाहीत."

"नाय येणार."

"म्हणजे कधीच नाही. पिल्लांना शिकवतील. या समुद्रात हे यंत्र कायमचं संपलं. तुमची नोकरी, हा तराफा. माझी आठ वर्षं, काका. मी लग्न नाही केलं, आईच्या शेवटच्या दिवसात मी इथं होते."

"ठाऊक हाय."

"मी नाही म्हणतेय. हे बोलणं रेकॉर्ड होतंय. मी स्पष्ट नाही म्हणतेय."

"बरं, बाई."

"भोंग्याचं बटण माझ्याकडेही आहे. मी इथून तो बंद करू शकते."

"तेबी ठाऊक हाय," हसुराम म्हणाला. "म्हणून तर तुमाला सांगून चाललोय."

*

रबरी होडी, लहान विजेचं इंजिन, मागं दोरीला भोंगा. अंगात तीन थर लोकर आणि वर गुणवंतीनं विणलेली कानटोपी, जी त्यानं पहिल्यांदाच कानांवरून वर सरकवली. समुद्र तेलासारखा सपाट होता. कळप दोन तासांनी दिसला. एकोणीस काळे ओंडके, मधूनच एखादा सुस्कारा, वर धुक्याचं झाड उगवायचं आणि विरायचं. चार मुलं कुठंतरी भटकत होती. म्हातारी डाव्या अंगाला, सगळ्यांपासून दीडशे हातांवर. पूर्वी ती मधोमध पडायची.

हसुरामनं इंजिन बंद केलं आणि वल्ह्यानं आत शिरला. दोन्ही बाजूंना भिंती. एकाच्या पाठीवरच्या शंखांची वस्ती तो हात लावून मोजू शकला असता. इतक्या जिवांच्या इतक्या जवळ तो दोन वर्षांत आला नव्हता, आणि एकाशीही त्याची ओळख नव्हती. म्हणजे त्यांच्या बाजूनं नव्हती. यातला कोण झोपेत शेपूट हलवतो, कुणाला वर येताना दोनदा शिंक येते, हे त्याला त्यांच्या आयांपेक्षा जास्त माहीत होतं.

त्यानं भोंगा खाली सोडला. बटण दाबलं. एक क्षण वाटलं, बाईंनी तिकडून बंद केला.

मग होडीच्या रबरातून त्याच्या बुडाला ती हाळी जाणवली.

एकोणीस ओंडके जागे झाले. पहिल्यांदा कुणी हललं नाही. फक्त पाणी वेगळं झालं, वर्गात गुरुजी शिरल्यावर हवा होते तसं. हाळी पुन्हा गेली. एक नर हळूच वळला. त्याचं डोकं भोंग्याकडे होतं. मग ते म्हातारीकडे फिरलं. म्हातारीनं नाक उघडून श्वास सोडला. तिसरी हाळी होडीखालून निघालेली असताना तिचा श्वास अजून हवेत लोंबत होता.

आणि मग म्हातारी चिडली. दोन वर्षांत पहिल्यांदा. तिनं डोकं खाली घातलं आणि उत्तर दिलं, त्याच हाळीत, भोंग्याच्या हाळीवर आपली हाळी टाकून. एक इकडून, एक तिकडून, एकाच वेळी. आवाजात आवाज मिसळेना, तेलपाण्यासारखे दोन्ही वेगळे राहिले. हसुरामला कानाशिवाय कळलं की बाकीच्या अठरा जणांना कळलं.

त्या नरानं पुढं जे केलं ते खरं वाटणार नाही, पण हसुरामच्या कानटोपीची शपथ. तो भोंग्यापाशी आला, त्याला एकदा नाकानं हुंगावं तसं केलं, आणि मग आपला पंधरा फुटी पर उचलून त्यानं भोंग्याच्या कानफटात अशी सणसणीत दिली की दोर तुटला, होडी गरकन फिरली, आणि हसुराम चोगले तांडेल, बंदरातला तीन पिढ्यांचा दर्यावर्दी, टोपीपासून तळव्यापर्यंत भिजला. भोंगा बुडत गेला. बराच खोल जाईपर्यंत तो म्हातारीच्या आवाजात जेवायला बोलवत होता.

*

तराफ्यावर परतल्यावर दातखीळ सोडवायला चार घोट गरम पाणी लागलं. पाचवा घोट घेत त्यानं हेडफोन लावले.

कळप हद्दीबाहेर निघाला होता. म्हातारी सगळ्यांत मागं. पुढचं एक जेवण झालं, दुसरं झालं, म्हणजे दिवस गेला. तिसऱ्या जेवणाच्या वेळी म्हातारीनं हाळी दिली.

हसुरामनं ताट बाजूला सारलं.

कुणी आलं नाही. ती थांबली. तिनं दुसरी हाळी दिली नाही. स्वतःहून बुडबुड्यांना सुरुवात केली, एकटीनंच, सवयीनं. एक फेरी. दुसऱ्या फेरीला हसुरामच्या उजव्या कानात, दुसऱ्या कुणाच्यातरी बिल्ल्यात, शेपटीचा ठोका बदलला. मग दुसऱ्याच्या. बुडबुड्यांचा आवाज रुंद झाला, कढईत पुऱ्या सोडाव्यात तसा. भिंतीची भगदाडं बुजत चालली. आणि मग पाच जबडे जवळजवळ एकदम मिटले.

त्यानं घड्याळ धरलं. वीस. तीस. पस्तीस. म्हातारी अजून गाळत होती. चाळीस. त्रेचाळीस.

चव्वेचाळीस सेकंदांना त्यानं घड्याळ खाली ठेवलं, कारण काटा दिसेनासा झाला होता.

*

पुढं चार दिवसांत ते दक्षिणेकडच्या मोठ्या थव्याकडे निघून गेले, त्याच्या ऐकण्याच्या पलीकडे. बिल्ल्यांच्या रबरी वाट्या एकेक करून सुटल्या. म्हातारीची शेवटून तिसरी. तराफ्याच्या आसपास आता देवमासा फिरकत नव्हता. नव्यानं ते पाणी शहाणं झालं होतं. आठही हेडफोनांत नुसता समुद्र ऐकू यायचा, आणि समुद्र काही बोलत नसतो, तो आपला असतो. जहाज यायला एक आठवडा होता. गुणवंतीचा रविवार जाऊन दोनच दिवस झाले होते.

कंपनीनं त्याच्याशी बोलायचं बंद केलं होतं. बाईंनीही. सहाव्या दिवशी मात्र फोन वाजला.

"काका."

"बोला, बाई."

"चौकशी बसलीय. बटण माझ्याकडे होतं, मग मी दाबलं का नाही, असं विचारतात."

"काय सांगितलंत?"

"झोपले होते म्हटलं." बाई एकदम हसल्या, कोरडं. "आठ वर्षांत पहिल्यांदा. कुणाचा विश्वास बसला नाही."

तीनशे किलोमीटरची खरखर मधून वाहत राहिली. बाईंनी नाक ओढल्याचं त्याला ऐकू आलं. त्यानं ते ऐकलं नाही असं दाखवलं.

"ती पोचेल का हो उबेच्या पाण्यात? तेवढी चरबी झाली असेल?"

"ठाऊक नाय."

"जगलीय का मेलीय, आता आपल्याला कधीच कळायचं नाही, काका. एक बिल्ला नाही, एक आवाज नाही. पुढच्या वर्षी ती या समुद्रात असली, तरी आपल्या जवळपाससुद्धा येणार नाही."

हसुरामनं खिडकीतून बाहेर पाहिलं. सूर्य आता क्षितिजाला टेकू लागला होता. उन्हाळा उतरत होता. पाणी जिथवर दिसत होतं तिथवर रिकामं होतं, एक सुस्कारा नाही, एक धुक्याचं झाड नाही.

"नाय येणार," तो म्हणाला. "शहाणी हाय ती."

फोन ठेवून त्यानं आठही हेडफोन एकाखाली एक खुंटीला लावले आणि एका माणसाचे तांदूळ धुवायला घेतले. आज ते जास्त झाले नाहीत.